केस सरकारची, भाऊ माझा

माझ्या डाव्या मनगटाचं प्लॅस्टर निघालं त्याच आठवड्यात ती बातमी आली. पोलिसांवर हात उचलणाऱ्याला जास्त वर्षं आत ठेवायचं, जामीन सहजासहजी द्यायचा नाही, असा कायदा करायचं घाटत होतं. आमच्या ठाण्यातला टीव्ही एरवी भिंतीशीच बोलत असतो, त्या दिवशी मात्र कुणीतरी उठून आवाज वाढवला. सगळे माझ्याकडे बघून हसले. ‘मॅडम, तुमच्यासारख्यांसाठीच आणतायत बघा,’ असं एकजण म्हणाला आणि त्यानं चहा सांगितला. मीही हसले. कायदा कडक हवा असं माझंही मत आहे, आणि ते मी मनगट मोडून घेऊन बनवलेलं आहे. पण तो चहा काही मला गोड लागला नाही. माझा हात मोडणारा माझा चुलत भाऊ होता, आणि ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

मी मूळची खुटबावची. आईवडील गेले, सख्खं भावंड नाही. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. सासरच्यांना पोलीस सून मिरवायला हवी होती, पण घरात आल्यावर ती पोलीस नको होती. तिथून माझं सामान उचलायला टेम्पो घेऊन आला तो हाच चुलत भाऊ. वाटेत ‘काय झालं, कसं झालं’ काही विचारलं नाही. चौफुल्याला गाडी थांबवून मला वडापाव खायला घातला आणि म्हणाला, ‘आक्का, घर हाय आपलं.’ माझ्यापेक्षा तो बराच लहान, त्याला मी कडेवर घेऊन वस्तीभर हिंडवलेलं. माहेर म्हणून मला जे काही उरलं होतं ते त्याच्या घरात होतं. दिवाळीत त्याला ओवाळायचं, काकीच्या हातचं जेवायचं, एखादी रात्र राहून परत ड्युटीवर. तेवढ्यावर माझं वर्ष निघत होतं.

राहायला मी शिक्रापूरला. इमारतीत सगळे कंपन्यांतले भाडेकरू, कुणी बिहारचे, कुणी लातूर-नांदेडकडचे. एका खोलीत चार-पाच जण, शिफ्टप्रमाणे झोपणारे. मी जिना चढायला लागले की वरची गाणी बारीक होतात. कुणी जिन्यात उभा राहून फोनवर भांडत असला तर भिंतीला चिकटून मला वाट देतो आणि ‘नमस्ते मॅडम’ म्हणतो, मग मी दार लावेपर्यंत गप्प. त्यांना वाटतं मी त्यांची कागदपत्रं मागणार. मी कुणाचं काही मागितलेलं नाही. सणासुदीला खालच्या दुकानदारीण बाई सगळ्यांना फराळाची ताटली देतात, माझी ताटली जरा जास्त भरलेली असते आणि दारातूनच मिळते. खाकीचा हा एक गुण आहे, मान भरपूर मिळतो आणि सोबत अजिबात मिळत नाही.

तर तो दिवस. कालव्याला पाणी सुटलं नव्हतं म्हणून वरवंडजवळ हायवेवर रास्ता रोको होता. आजूबाजूच्या ठाण्यांतून बंदोबस्त मागवला, त्यात मी. मी त्याच भागातली म्हटल्यावर साहेबांनी मला पुढं उभं केलं, बायकांना समजावाल म्हणाले. बायकांना काय समजावणार, त्यांचं म्हणणं खरंच होतं. आमचा ऊसही त्याच पाण्यावर. एक म्हातारी माझ्याच हातातली पाण्याची बाटली घेऊन प्यायली आणि म्हणाली, ‘तू पिती तसं रानालाबी लागतंय की गं.’ तोवर सगळं हसतखेळत चाललं होतं.

मग एका ट्रकवाल्यानं मधून गाडी काढायचा प्रयत्न केला आणि सगळं बिघडलं. आधी शिव्या, मग ढकलाढकली, मग मागून दगड. आम्ही हेल्मेटं चढवली, काचा खाली घेतल्या. काच खाली घेतली की पोलीस सगळे एकाच तोंडाचे दिसतात, बाईमाणूस वेगळं ओळखू येत नाही. समोरून झेंड्याची काठी उगारलेली दिसली. मी डोक्यावर हात धरला, आणि मनगटातून आवाज आला तो मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. मी खाली बसले. श्वास कोंडला म्हणून उजव्या हातानं काच वर केली. समोर काठी घेऊन भाऊ उभा.

‘आक्का?’ एवढंच म्हणाला. काठी त्याच्या हातातून गळाली. बाकीचे पळत होते, हा तिथंच उभा राहिला. दोघांनी येऊन धरला तरी माझ्याकडेच बघत होता.

दवाखान्यात माझी फिर्याद लिहून घेतली. मारणाऱ्याला ओळखता का, असं विचारल्यावर ओळखते म्हणाले. कोण लागतो, तर मी म्हणाले चुलत भाऊ. लिहिणाऱ्या हवालदारानं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहा. तो जागेवर पकडला गेला होता, कुणाच्या तरी मोबाईलवर सगळं आलं होतं, आणि तसं नसतं तरीही मी हेच सांगितलं असतं. ज्या अंगावर वर्दी चढवते त्या अंगानं मी खोटा जबाब देणार नाही, हे माझं मीच कधीतरी ठरवून टाकलेलं आहे. त्यात मोठेपणा काही नाही. माझा स्वभावच आडमुठा आहे, असं काकी पूर्वीपासून म्हणायची.

दवाखान्यात गावाकडून कुणी आलं नाही. येतील असं मला वाटत होतं, हे मात्र सांगायला हवं. भेटायच्या वेळी दार वाजलं की मी बघायची. ठाण्यातल्या पोरी येऊन गेल्या, साहेब येऊन गेले, शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिच्या भावानं आणलेलं सूप तिनं मला अर्धं दिलं. फोन आले ते सगळे केसबद्दल. माझा भाऊ काही दिवस आत राहून जामिनावर सुटला, ते मला भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं.

एका हातानं संसार करणं म्हणजे काय ते तेव्हा समजलं. कणीक मळता येत नाही, कुकरचं झाकण लागत नाही, ओली चादर पिळता येत नाही. हे सगळं कसंतरी निभावलं. केसांचं निभावेना. ड्युटीवर अंबाडा लागतो, आणि तो एका हातानं घालता येत नाही. शेजारच्या खोलीतल्या बिहारी बाईला विचारावं म्हणून मी तिच्या दारापर्यंत गेले, तर तिनं दार उघडल्याबरोबर म्हटलं, ‘मॅडम, सब का आधार कार्ड है.’ मी परत फिरले आणि संध्याकाळी पार्लरमध्ये जाऊन केस कापून टाकले. पार्लरवालीला वाटलं फॅशन. तिनं आरशात मागून पुढून दाखवलं आणि छान दिसतंय म्हणाली.

मग ती बातमी आली, आणि गावात गडबड उडाली. टीव्हीवर अजून नुसतं ‘करणार, आणणार’ चाललं होतं, पण खुटबावात पारावर कायदा होऊनही गेला होता. आता पोराला दहा वर्षं, आता जामीन रद्द, आता जमिनीवर बोजा, ज्याला जे सुचलं ते त्यानं त्यात घातलं. कायदा यायच्या आत मिटवून टाका, असं भावकीत ठरलं. मला आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे भावकीतले सगळ्यात वडीलधारे, गावातली निम्मी भांडणं त्यांच्या शब्दावर मिटतात. म्हणाले, ‘रविवारी ये. देवळात बसू. पोरगं तुझी वटी भरतंय.’

आमच्याकडे ही पद्धत आहे. घरच्या लेकीवर कुणी हात उचलला, तर त्यानं ग्रामदैवतासमोर तिची ओटी भरायची, साडीचोळी द्यायची, पायावर डोकं ठेवायचं. लेकीनं ओटी घेतली की विषय संपला. पुन्हा कुणी तो काढायचा नाही, काढला तर काढणाऱ्यालाच बोल लागतो. आणि ओटी काही लगेच घ्यायची नसते. तीनदा नको म्हणायचं. पहिल्याच बोलावण्याला पदर पुढं केला तर बाईला लोक आधाशी म्हणतात. नको नको म्हणत मग घ्यायची, त्यातच घेणारीची अब्रू असते.

मी गेले. ओटी महत्त्वाची नव्हती. मला बोलावलं होतं, म्हणून गेले.

देवळात भावकी बसलेली. काकी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘केस गं का कापलंस?’ मी म्हटलं, ‘येणी घालायला दुसरा हात नव्हता.’ ती दुसरीकडे बघायला लागली. भाऊ ताट घेऊन समोर उभा, ताटात साडी, खण, नारळ, तांदूळ. दाढी वाढलेली, मान खाली.

मी आप्पांना सांगितलं, ‘आप्पा, ही केस माझी न्हाई, सरकारची हाय. मला माघारी घ्यायची म्हणलं तरी घेता येत न्हाई.’

आप्पा मान हलवत म्हणाले, ‘व्हय, व्हय. पुढं बोल.’

मी म्हटलं, ‘नव्या कायद्याला भिऊ नका. त्यो अजून आलेला न्हाई, आन् आला तरी मागच्या गुन्ह्याला लागत न्हाई. पर तारखेला ह्याला जावंच लागंल.’

बसलेल्यांपैकी एकजण कौतुकानं म्हणाला, ‘पोरगी शिकली सवरली, पर रीत इसरली न्हाई.’ तेव्हा मला काहीतरी खटकलं. म्हणून मी आणखी स्पष्ट बोलले. म्हटलं, ‘मला कोर्टात इचारलं तर मी झालं तेच सांगणार. साडी घेतली म्हणून माझी साक्ष बदलणार न्हाई.’

आप्पांनी हात जोडले. ‘झालं. तीनदा बोलली. भर रं वटी.’

भावानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, सगळ्यांना कळलंय, कळूनसुद्धा हे मला घरात घेतायत. याहून जास्त मला काय हवं होतं? मी पदर पुढं केला. डाव्या हाताला नारळाचं वजन पेलेना, तेव्हा काकीनं खालून हात दिला. मग घरी जेवण झालं, शेंगोळ्या केल्या होत्या. भावजयीनं ताटात परत परत वाढलं. संध्याकाळच्या एसटीत साडी मांडीवर घेऊन बसले तेव्हा मी फार खूश होते. शिक्रापूर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला एकटं वाटत नव्हतं.

पुढच्या तारखेला भाऊ कोर्टात गेलाच नाही. मिटल्यावर जायचं कशाला? वकिलालाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं, मिटलेल्या भांडणाला वकील कुणी ठेवतं का? वॉरंट निघालं. तिथल्या ठाण्याचे दोघं जण आले आणि तो उसाला पाणी देत होता तिथून त्याला उचलून घेऊन गेले. तो चिखलाच्या पायांनी गाडीत बसला, असं नंतर कळलं.

मला भावजयीचा फोन आला. ती रडत नव्हती. म्हणाली, ‘वन्सं, तुमी वटी घेतली नव्हती का?’

‘घेतली.’

‘मंग?’

मी तिला सगळं परत सांगितलं. सरकारची केस म्हणजे काय, तारीख चुकली की काय होतं. ठाण्यात टेबलावर बसून रोज दहा जणांना सांगते तसंच सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘आसं व्हतं तर नको म्हणायचं.’

‘म्हणाले की गं. तीनदा म्हणाले.’

‘तसं तर समद्याच म्हणत्यात,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यावर मी चिडले, खूप चिडले. भिंतीकडे बघून बोलत बसले. एवढी सरळ मराठीत सांगितलेली गोष्ट त्यांनी शिष्टाचार म्हणून ऐकली, यात माझी काय चूक? आणि मग त्यांची तरी काय, असंही वाटलं. आमच्या गावात बाईचं नको आजवर कुणी खरं धरलेलं नाही, माझंच का धरतील? राग कुणावर काढावा तेच कळेना. ग्रुपवरून मला त्याच संध्याकाळी काढून टाकलं होतं. त्या दिवाळीला मी बंदोबस्त मागून घेतला. भाऊबीजेला सगळ्यांना सुट्टी हवी असते, मला नको म्हटल्यावर साहेबांना बरं वाटलं.

तो परत जामिनावर सुटला, या वेळी कडक अटींवर. साक्षीदाराला भेटायचं नाही, बोलायचं नाही, निरोप पाठवायचा नाही. साक्षीदार म्हणजे मी. कायदा असाच हवा, नाहीतर आरोपी साक्षीदाराला धमकावतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. अट बरोबरच होती. फक्त त्या अटीमुळे, माझा जो एकुलता एक भाऊ, त्याला माझ्याशी बोलायला सरकारची बंदी झाली.

माझी साक्ष दौंडला लागली. शिक्रापूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला आले, तिथं दौंडची गाडी धरली. चौफुल्यापासून खुटबाव अगदी जवळ, एरवी मी तिथं उतरले की फोन करायची आणि भाऊ मोटारसायकल घेऊन यायचा. त्या दिवशी मी उभी राहून गाडीची वाट पाहिली. गावातली एक बाई स्टँडवर होती. तिनं मला पाहिलं आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

कोर्टात झालं तेच सांगितलं. काठी, मनगट, काच वर केली, समोर कोण होतं. भाऊ पिंजऱ्यात हात बांधून उभा होता, मी त्याच्याकडे बोट केलं. सरकारी वकील खूश दिसले. मग त्याच्या वकिलानं विचारलं, तुम्ही आरोपीकडून साडीचोळी घेतली हे खरं का? खरं. म्हणजे तुमची तक्रार राहिली नव्हती? मी म्हटलं, माझी तक्रार नाही, फिर्याद आहे, आणि ती सरकारची आहे. मग साडी कशाला घेतली?

सरकारी वकील उठायला लागले, पण मी बोलून गेले होते. ‘मला माहेर पाहिजे होतं,’ असं म्हणाले. टाइप करणाऱ्या बाईंनी जज साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, पुढचा प्रश्न.

साक्ष संपली. बाहेर व्हरांड्याच्या टोकाला पाण्याची टाकी आहे, तिथं मी पाणी प्यायला गेले. पेला उजव्या हातात धरला आणि डाव्या हातानं नळ फिरवायला गेले. तो फिरेना, मनगट तेवढं वळत नाही. मागून कुणीतरी हात लांबवून नळ सोडला.

भाऊ होता. काकी आणि आप्पा लांब, कोर्टाच्या दारापाशी वकिलाशी बोलत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता, पेल्यात पडणाऱ्या पाण्याकडे बघत होता.

‘आक्का, हात कसा हाय?’

हात मोडल्यापासून भावकीतून मला केसबद्दल विचारलं होतं, साडीबद्दल विचारलं होतं, केस का कापले ते विचारलं होतं. हे त्या दिवसापर्यंत एकानंही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘बरा हाय.’ आणखी बोलले असते तर मला तिथंच रडू आलं असतं. त्यानं नळ बंद केला. काकीनं तिकडून हाक मारली तसा गेला.

तेवढ्यात कोर्टाच्या कामाला असलेले आमच्या खात्यातले हवालदार लगबगीनं माझ्याकडे आले. चांगला माणूस, माझ्या बाजूचा. हळू आवाजात म्हणाले, ‘मॅडम, तो टाकीपाशी होता ना? काही बोलला का तुमच्याशी? बोलला असेल तर सांगा, आत्ताच्या आत्ता अर्ज देऊ, जामीन आजच रद्द होईल.’

भाऊ पायऱ्या उतरत होता. एकदा त्यानं मागं वळून पाहिलं.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘माझ्याशी कुणी बोललं नाही.’